सँडेरियाना: शेडनेटमधल्या एका वर्षाच्या नोंदी

जागा: पुणे, चौथ्या मजल्यावरची गच्ची. १० × १२ फुटांचं शेडनेट, ७५ टक्के सावलीची हिरवी जाळी.
झाड: अ‍ॅलोकेशिया सँडेरियाना. फिलिपिन्समधल्या मिंडानाव बेटाचं, अळूच्या कुळातलं, पानांच्या देखणेपणासाठी लावतात ते.
काम: झाडं पुण्याच्या तिन्ही ऋतूंतून पार नेणं आणि अळकुड्यांपासून नवी रोपं करणं.

१२ फेब्रुवारी

आठ रोपं आली. सगळी टिश्यू कल्चरची (प्रयोगशाळेत वाढवलेली), ४ इंची कुंड्यांत. आठहींवर ‘सँडेरियाना’ अशीच चिठ्ठी, पण पानं शेजारी शेजारी धरून पाहिली तेव्हा खरी सहाच निघाली. दोन ‘अ‍ॅमेझोनिका’ या संकराची आहेत. ओळखायची खूण पानाच्या कडेत आहे. सँडेरियानाचं पान अरुंद, लांबट, बाणाच्या टोकासारखं. कडा खोल खोल कापलेली आणि त्या कापांवरून पांढरी रेघ सलग फिरलेली. रंग इतका गडद हिरवा की तिरक्या उजेडात धातूसारखा चमकतो. संकराचं पान रुंद, कडेला नुसत्या उथळ लाटा. मलाय भागातल्या ‘क्रिस’ या नागमोडी पात्याच्या कट्यारीवरून याला क्रिस प्लांट म्हणतात, ते खऱ्या सँडेरियानाचं पान पाहिलं की लगेच पटतं.

संकराचं नाव फसवं आहे. अ‍ॅमेझॉन नदीशी त्याचा काही संबंध नाही. १९५० च्या दशकात मायामीत साल्व्हादोर मॉरो यांनी तो तयार केला आणि आपल्या ‘अ‍ॅमेझॉन’ नावाच्या रोपवाटिकेवरून त्याचं नाव ठेवलं. सँडेरियाना हे नाव फ्रेडरिक सँडर यांच्यावरून आलं. इंग्लंडमध्ये सेंट आल्बन्सला त्यांची ऑर्किडांची मोठी रोपवाटिका होती.

संकर जास्त सोशिक असतो, म्हणून बाजारात तोच जास्त दिसतो. दोन्ही संकर तुलनेसाठी ठेवले (सं-१, सं-२). खऱ्या झाडांना क्र. १ ते ६ असे आकडे दिले.

घेताना एक गोष्ट पाळली: टिश्यू कल्चरचंच रोप. मिंडानावच्या रानात हे झाड फार थोडं उरलंय. जंगलतोड झाली आणि शोभेच्या झाडांसाठी रानातून उपटून नेणंही चाललं. जाड जुना गड्डा, वेडीवाकडी तुटलेली मुळं, पानांना किड्यांनी पाडलेली भोकं असं ‘मोठं तयार झाड’ कुणी विकत असेल तर ते घेऊ नये.

१४ फेब्रुवारी

कुंडीचं मिश्रण. या झाडाची निम्मी अधिक मरतूक इथेच ठरते, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे अळू म्हटलं की न्हाणीघराच्या सांडपाण्यावर किंवा विहिरीच्या पन्हळीखाली उभं असलेलं झाड डोळ्यांसमोर येतं. वडीचं अळू चिखलात पाय रोवून खुशाल वाढतं. सँडेरियाना पावसाळी जंगलाच्या तळाशी, पालापाचोळ्याच्या भुसभुशीत थरात वाढतं. पाऊस भरपूर, पण पाणी थांबत नाही आणि मुळांना सतत हवा मिळते. कूळ एकच, पण मुळांची गरज उलटी. अळूच्या सवयीने बागेची माती आणि शेणखत घालून रोज पाणी दिलं की दीड महिन्यात गड्डा सडतो.

१० लिटर मिश्रणासाठी: नारळाच्या सोडणाचे १० ते १५ मिलिमीटरचे तुकडे ४ लिटर, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे) अडीच लिटर, लाकडी कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे दीड लिटर, कोकोपीट १ लिटर, चाळलेलं गांडूळखत १ लिटर. माती अजिबात नाही.

सोडणाचे तुकडे आणि कोकोपीट आधी धुवावंच लागतं. किनाऱ्यावरच्या सोडणात मीठ उतरलेलं असतं. पहिल्या पाण्यात मीटरने क्षारता २.१ आली. दोनदा धुऊन ०.७. मग १० लिटर पाण्यात २० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेट घालून २४ तास भिजवलं. साध्या पाण्याने वरवरचं मीठ जातं, पण तंतूंना चिकटलेलं सोडियम कॅल्शियम दिल्यावरच सुटतं. शेवटच्या धुण्यानंतर ०.४. ही पायरी गाळली तर नव्या पानांची टोकं तपकिरी येतात आणि दोष उन्हावर जातो.

मिश्रणात हवा किती, हे मोजता येतं. कुंडीची भोकं चिकटपट्टीने बंद करायची, मिश्रण भरायचं, काठापर्यंत पाणी ओतून तासभर ठेवायचं. मग पट्टी काढून जेवढं पाणी खाली येईल ते मोजायचं. आमची कुंडी १३०० मिलिलिटरची. ४०० मिलिलिटर पाणी बाहेर आलं, म्हणजे सुमारे ३० टक्के जागा हवेची. तुलनेसाठी त्याच कुंडीत लाल माती आणि शेणखत निम्मं निम्मं भरलं, तेव्हा जेमतेम १०० मिलिलिटर पाणी आलं. या एका आकड्यात बराचसा उलगडा आहे.

१५ फेब्रुवारी

आठही रोपं ५ इंची कुंड्यांत हलवली. त्याहून मोठी कुंडी नको. मुळं थोडी आणि मिश्रण फार असलं की मधला भाग आठवडाभर ओला राहतो.

प्रयोगशाळेतून येताना मुळांभोवती कोकोपीटचं घट्ट पेंडकं असतं. ते तसंच ठेवून बाहेर भरड मिश्रण घातलं तर पेंडकं ओलं आणि भोवताल कोरडा राहतो. पेंडकं पाण्यात बुडवून बोटांनी मोकळं केलं, दोनतृतीयांश कोकोपीट काढलं. गड्ड्याचा वरचा सेंटिमीटरभर भाग उघडा ठेवला, देठांचा बुडखा पुरला नाही.

हातमोजे घातले. देठाच्या रसात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात. अळू चिरताना हाताला खाज सुटते ती त्यांचीच. भाजीच्या अळूत चिंच किंवा आमसूल घालून ती मारता येते, म्हणून कुणाला वाटेल की हेही शिजवून चालेल. चालत नाही. हे खाण्याचं झाड नाही. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर उंच मांडणीवरच ठेवावं.

पाणी देऊन निथळल्यावर प्रत्येक कुंडीचं वजन: साधारण ८८० ग्रॅम. ६४० ग्रॅमवर आली की पुन्हा पाणी, असं ठरवलं. बोट खुपसून पाहण्यात फसायला होतं, कारण वरचे सोडणाचे तुकडे दोन दिवसांत कोरडे दिसतात आणि खाली ओल असते. काटा चुकत नाही. पंधरा दिवस वजन केलं की पुढे हातानेच अंदाज येतो.

२ मार्च

दुपारी साडेबाराला उजेड मोजला. उघड्यावर १ लाख ५ हजार लक्स, जाळीखाली २६ हजार. पानांचा पृष्ठभाग हाताला गरम लागतोय. १५ हजारांच्या आसपास हे झाड समाधानी असतं. सकाळी साडेअकरा ते साडेतीनसाठी ५० टक्क्यांची दुसरी जाळी दोरीवर सरकती बसवली: १३ हजार. दुसरी जाळी पहिलीला चिकटवली नाही, फूटभर खाली टांगली. चिकटवली की मधली हवा तापून खाली उतरते.

१९ मार्च

क्र. २ आणि क्र. ५ च्या पानांवर सुईने टोचल्यासारखे बारीक फिकट ठिपके. हवेतली आर्द्रता दुपारी २१ टक्के.

पान उलटं करून दहापट भिंगाखाली धरलं. मधल्या पांढऱ्या शिरेच्या दोन्ही बाजूंना, जिथे उपशिरा फुटतात त्या खोबणीत, धुळीसारखं काहीतरी होतं. ती धूळ चालत होती. पिवळसर, अंगावर दोन काळे डाग, आठ पायांचे; नावाने मात्र हे ‘लाल कोळी’. शेजारी काचेच्या मण्यासारखी गोल अंडी आणि कातेची पांढरी टरफलं. पांढऱ्या कागदावर पान झटकून बोट फिरवलं तर कागदावर हिरवट रेघा उमटल्या. भिंग नसेल तर हीच परीक्षा करावी.

मिंडानावच्या दमट रानात ही कीड याला फारशी जाचत नसावी, पण पुण्याच्या मार्च-एप्रिलमध्ये ती हमखास येते. कोरड्या, गरम हवेत अंड्यापासून पूर्ण वाढीला आठवडा पुरतो. त्यामुळे एकदाच फवारून भागत नाही. औषधाने चालते कोळी मरतात, अंडी राहतात.

केलं ते असं: आठही झाडं वेगळी काढली, कुंडीच्या तोंडाला पिशवी बांधली, झाड आडवं धरून पानांच्या खालच्या बाजूवर नळीने जोराचं पाणी मारलं. संध्याकाळी पोटॅशियम साबण ५ मिलिलिटर प्रति लिटर, पानाखालून निथळेपर्यंत. भांड्यांचा साबण वापरला नाही, त्याने पानाची चकाकी जाते आणि डाग पडतात.

२४ मार्च, २९ मार्च

दुसरा आणि तिसरा हात, पाच-पाच दिवसांनी. दुसऱ्या वेळी साबणाऐवजी १०,००० पीपीएमचं निंबोळी अर्काचं औषध, २ मिलिलिटर प्रति लिटर. २९ ला भिंगाखाली जिवंत कोळी नाही, दोनचार सुकलेली अंडी आहेत.

गंधक वापरायचा विचार सोडून दिला. पारा ३२ च्या वर असताना गंधकाने पान भाजतं, आणि तेलकट फवारणीनंतर दोन आठवडे तो मारूच नये.

फवारताना दिसलेली एक गोष्ट. आपल्याकडे ‘अळवावरचं पाणी’ म्हणतात, कारण अळूच्या पानावर थेंब मोत्यासारखा घरंगळतो, पान कोरडंच राहतं. सँडेरियानावर थेंब पसरतो आणि बसून राहतो. म्हणून फवारणी संध्याकाळी, पण रात्र पडण्याआधी पान सुकेल अशा बेताने करावी. रात्रभर ओलं राहिलेल्या पानावर पाणेरी कडेचे तपकिरी डाग येतात.

११ एप्रिल

पारा ३९. कुंड्यांतून दिवसाला १०० ग्रॅमच्या वर पाणी जातंय, म्हणजे दोन-अडीच दिवसांनी पाणी. क्र. ६ च्या दोन पानांच्या कडा जळल्या.

पानांवर सतत फवारे मारण्यापेक्षा जमीन ओली ठेवणं बरं. फरशीवर विटा मांडल्या, त्यांच्यामध्ये भिजलेलं गोणपाट अंथरलं, कुंड्या विटांवर. दिवसातून तीनदा गोणपाट भिजवायचं. पानांच्या उंचीवर आर्द्रता २४ वरून ४५ ते ५० टक्क्यांवर आली. पश्चिमेच्या बाजूला, जिथून गरम वारा येतो, ओलं गोणपाट पडद्यासारखंही बांधलं.

५ मे

क्र. १, ३, ६ ची नवी पानं फिकट पिवळसर, शिरांलगत तेवढा हिरवा रंग. जुनी पानं ठीक. नव्या पानांत दिसतं म्हणजे लोह कमी पडतंय. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडलं की आधी जुनं पान फिकटतं, कारण झाड ते तिथून काढून नव्याला देतं. लोह असं हलवता येत नाही.

कारण लवकर सापडलं. एप्रिलच्या मध्यापासून सोसायटीच्या टाकीत बोअरचं पाणी मिसळतंय. नळाच्या पाण्याचे विरघळलेले क्षार ११० पीपीएम होते, आताच्या पाण्याचे ६४०, सामू ८.१. अशा पाण्यात मिश्रणाचा सामू चढतो आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही.

उपाय: पाण्यात सायट्रिक आम्ल थोडं थोडं घालून सामू ६.२ ला आणला. आमच्या पाण्याला १० लिटरला सुमारे ३ ग्रॅम लागलं. प्रत्येकाने आपल्या पाण्याचं माप काढावं. लोह ईडीडीएचए रूपातलं, अर्धा ग्रॅम प्रति लिटर, एकदाच मुळाशी. दुकानात स्वस्तातलं ईडीटीए रूप पुढे करतात. ते साडेसहाच्या वरच्या सामूला टिकत नाही, म्हणजे जिथे गरज तिथेच निकामी. पिवळं झालेलं पान पुरतं हिरवं होत नाही, पुढचं पान पाहून ठरवायचं.

२६ मे

क्र. ३ चं पुढचं पान गडद आलं.

९ जून

हवेत ओल आली, आता मुळं हलवायला हरकत नाही. क्र. १ आणि क्र. २ कुंडीबाहेर काढली. मुळं पांढरी, कुंडीच्या कडेने फिरलेली. मिश्रणात, मुख्य गड्ड्यापासून निघालेल्या दोऱ्यांच्या टोकांना, अळकुड्या: दोन्हींच्या मिळून २३. वाटाण्यापासून चिंचोक्याएवढ्या, तपकिरी साल असलेल्या. पाण्यात चाळणीवर धुतल्याशिवाय त्या सोडणाच्या तुकड्यांतून ओळखू येत नाहीत, आणि बरेच जण जुनं मिश्रण फेकताना त्याही फेकतात.

चिमटीत दाबून निवडल्या. १९ टणक. ४ मऊ किंवा पोकळ, त्या टाकल्या.

१९ पैकी १० ची साल नखाने सोलली. आत हस्तिदंती रंगाचा गुळगुळीत कंद. ९ सालीसकट. वर-खाली ओळखायचं असं: जिथे दोरी जोडलेली होती तिथे गोल चट्टा असतो, ती खालची बाजू. तिच्या समोरचं टोक किंचित निमुळतं, कोंब तिथून येतो. झाकणाच्या पारदर्शक डब्यात ३ सेंटिमीटर परलाइट, तळाशी सेंटिमीटरभर पाणी, अळकुडी अर्धी रुतवलेली, टोक वर. पाणी अळकुडीला लागता कामा नये; परलाइट ओल वर ओढून घेतं. डबा घरात, २७-२८ अंशांवर, उजेडात पण उन्हात नाही. दोन दिवसांनी एकदा झाकण उघडून हवा द्यायची.

३० जून

तीन आठवडे. सोललेल्या १० पैकी ८ ना कोंब, सालीच्या ९ पैकी ३ ना. सोललेल्या एका अळकुडीवर करडी बुरशी आली, काढून टाकली. सोलताना नख लागून खरचटलं होतं, तिथूनच सुरुवात झाली.

१८ जुलै

क्र. ४ ची दोन पानं एकाच आठवड्यात पिवळी. एक जुनं पान पिवळं पडलं तर काळजी नको, ते वय झालं म्हणून जातं. दोन एकदम, त्यात एक मधलं, म्हणजे मुळांशी काहीतरी झालंय.

देठ बुडाशी धरून हलकेच ओढला, तो हातात आला. खालचं टोक पाणेरी, तपकिरी, सडक्या कांद्यासारखा वास. कुंडीखाली ताटली राहून गेली होती. जाळीच्या शिवणीतून पावसाचं पाणी नेमकं या कुंडीवर ठिबकत होतं आणि ताटली सहा-सात दिवस भरलेली होती.

मुळं धुतली. चांगलं मूळ बोटांत दाबलं तर टणक लागतं. सडलेल्याचं वरचं आवरण मोज्यासारखं निघून येतं आणि आतला बारीक दोरा तेवढा उरतो. क्र. ४ ची एकूण एक मुळं अशी झालेली.

गड्डा ९ सेंटिमीटर लांब. सुरी ७० टक्के स्पिरिटने पुसली आणि खालून चकत्या काढायला सुरुवात केली. पहिली चकती तपकिरी लगदा. दुसरी बाहेरून पांढरी, मधे चहाच्या डागासारखं वर्तुळ. तिसरीत ते वर्तुळ मुगाएवढं. चौथीत एक ठिपका. पाचवी स्वच्छ, खोबऱ्यासारखी पांढरी, कापल्यावर रस सुटलेला. ठिपक्यापाशी थांबायचा मोह होतो, थांबू नये; तो ठिपका आठवड्यात पुन्हा वर चढतो. प्रत्येक कापानंतर सुरी पुसायची, नाहीतर सड आपणच वर नेतो. उरला ४ सेंटिमीटर गड्डा आणि टोकाचं एक गुंडाळलेलं पान.

कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर, त्यात १० मिनिटं बुडवला. मग वर्तमानपत्रावर, पंख्याच्या वाऱ्याला ३० तास, काप हाताला कोरडा लागेपर्यंत. या हवेत एवढा वेळ लागतो. नंतर ओलसर परलाइटवर नुसता टेकवला, पुरला नाही. पान काढलं नाही, पण सुकू नये म्हणून वरून पिशवी, तिला चार भोकं.

सगळ्या ताटल्या काढल्या, शिवणीवर प्लॅस्टिकची पट्टी लावली. सं-१ च्या ताटलीतही पाणी होतं, त्याची मुळं मात्र शाबूत.

२८ जुलै

अळकुड्या: सात आठवड्यांचा हिशोब. सोललेल्या ८ आणि सालीच्या ७, अशी १५ रोपं. साल सोलण्याने संख्या फार वाढली नाही, वेळ मात्र वाचला. जोखीमही तेवढीच आहे. नख लावायची भीती वाटत असेल त्याने साल राहू द्यावी आणि थांबावं.

दोन पानं आणि तीन-चार मुळं झालेली ११ रोपं अडीच इंची कुंड्यांत लावली, तेच मिश्रण पण तुकडे बारीक करून. अळकुडी रोपाला चिकटलेली असते, ती तोडली नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पानापर्यंत रोप तिच्यावरच जगतं.

पहिली पानं पाहून निराश होऊ नये. ती साधी, जवळजवळ बिनकापाची, शिरा फिकट. खरा आकार पाचव्या-सहाव्या पानापासून येतो.

६ ऑगस्ट

क्र. ४: १९ दिवसांत गड्ड्याच्या कडेने तीन पांढरी मुळं. टोकाचं पान टिकलं.

१४ ऑगस्ट

डब्याच्या दमट हवेतून रोपं थेट शेडनेटमध्ये आणली तर ऑगस्टमध्येही माना टाकतात. दोन रोपं अशीच गेली. त्यांचं झाकण एका दिवसात पूर्ण काढलं होतं. बाकीच्यांना दहा दिवसांत हळूहळू: पहिले तीन दिवस बोटभर फट, पुढचे तीन अर्धं झाकण, मग फक्त रात्री झाकण. ही १३ चांगली आहेत.

२२ ऑगस्ट

सध्याची वाढ वर्षातली सर्वांत चांगली. दिवसा २७-२८, रात्री २२, आर्द्रता ८० च्या पुढे. मिंडानावशी सर्वांत जवळची हवा पुण्याला हीच.

क्र. १ चं पान उलगडताना रोज पाहिलं. आधी जुन्या देठाच्या खोळीची कड फाटते आणि त्यातून सुरळी वर येते, फिकट हिरवी, वाफवलेल्या अळूवडीच्या गुंडाळीसारखी. पाच दिवस नुसती उंच होते. सहाव्या दिवशी टोकाकडून सुटायला लागते. तेव्हा शिरा पांढऱ्या नसतात, पोपटी असतात, आणि पान इतकं मऊ असतं की शेजारच्या पानाला घासलं तरी कायमचा ओरखडा राहतो. पांढरेपणा आणि चकाकी यायला आणखी आठ-दहा दिवस. या काळात कुंडी फिरवू नये, पान पुसू नये. खोळ ओढून काढायचा मोह आवरावा. ती आपोआप सुकून पडते.

एका पानापासून दुसऱ्यापर्यंत २४ ते २६ दिवस. नवं पान आलं की जुनं पडतं, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. क्र. ५ चं तसंच होत होतं, तीन पानांच्या पुढे ते जाईना. खताचा हात वाढवला: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं खत) अर्धा ग्रॅम प्रति लिटर आणि पुढच्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट अर्धा ग्रॅम प्रति लिटर, असं आलटून पालटून. दोन्ही एका बादलीत कधीच नाही. स्फुरद आणि कॅल्शियम एकत्र येऊन पांढरा गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातात. महिन्यातून एकदा नुसत्या पाण्याने कुंडी धुवायची. क्र. ५ वर आता चार पानं आहेत.

पहाटे पानांच्या टोकांवर थेंब दिसतात. तो रोग नाही. मुळांनी ओढलेलं जादा पाणी झाड टोकातून सोडतं.

१७ सप्टेंबर

क्र. १ ला फूल. अळूच्या कुळातलं नेहमीचं, पांढरट आवरणात दांडी. आधी खालची मादी फुलं तयार होतात, वरचा पराग नंतर सुटतो, त्यामुळे एकट्या फुलात बी धरणं अवघड. दुसरं फूल नाही, म्हणून कापलं. ताकद पानांत जाऊ दे.

१९ ऑक्टोबर

ऑक्टोबरची उष्णता, आर्द्रता पुन्हा ३५ वर. क्र. २ वर कोळी. या वेळी दर रविवारी भिंगाने तपासणी चालू असल्याने पहिल्याच पानावर सापडले. तीन हात, पूर्वीसारखेच.

२१ नोव्हेंबर

रात्रीचा पारा १३. मिंडानाव विषुववृत्तापासून जेमतेम आठ अंशांवर आहे. तिथे सखल भागात वर्षभर दिवस-रात्रीचा पारा फार हलत नाही आणि दिवसाची लांबीही जवळपास तीच. १८ अंशांखाली झाड थबकतं, १२-१३ ला पानं सोडायला लागतं.

विभागणी केली. क्र. १, २, ३ आणि सावरत असलेलं क्र. ४ घरात: रोपांखाली घालायची गरम चटई २४ अंशांवर, पांढरा एलईडी रोज १२ तास, पानांपासून ३० सेंटिमीटरवर. लहान रोपंही घरात. क्र. ५, ६ आणि दोन्ही संकर शेडनेटमध्येच, रात्री वरून प्लॅस्टिक.

पाणी सकाळी सात ऐवजी अकराला, आणि बादलीत आदल्या रात्री घरात ठेवलेलं. पहाटे टाकीतलं पाणी १४ अंश होतं. ते मुळांवर गेलं की दुसऱ्या दिवशी पानं लोंबतात.

२३ डिसेंबर

शेडनेटमध्ये किमान ९.६. क्र. ५ वर एक पान, क्र. ६ वर दोन, दोन्ही पिवळट. संकरांची अर्धी पानं शाबूत.

१० जानेवारी

क्र. ५ आणि ६ ची सगळी पानं गेली. नुसत्या कुंड्या उरल्या. बहुतेकांकडे हे झाड याच आठवड्यात कचऱ्यात जातं, किंवा ‘पाणी कमी पडलं’ म्हणून बुडवून मारलं जातं. मिश्रण बाजूला करून गड्डे दाबून पाहिले, दोन्ही कच्च्या बटाट्यासारखे टणक. पान नाही म्हणजे पाणी उडायला वाट नाही. दर १०-१२ दिवसांनी ५० मिलिलिटर, कडेने, बास. खत बंद. कुंड्या घरात, अंधाऱ्या पण उबदार कोपऱ्यात.

चटईवरच्या झाडांवर तीन-तीन पानं टिकून आहेत, नवं पान ४५ दिवसांनी येतंय. चटईने मिश्रण खालून सुकतं, ते वजनावरच कळतं.

२६ फेब्रुवारी

क्र. ५: गड्ड्याच्या टोकाला हिरवी सुरळी, दीड सेंटिमीटर. पाणी १०० मिलिलिटरवर नेलं. पहिलं पान पूर्ण उलगडेपर्यंत वजनाचं जुनं माप लावायचं नाही, मुळं अजून अपुरी आहेत.

क्र. ४ घरातून बाहेर, चार पानं, सगळ्यात मोठं २७ सेंटिमीटर.

१५ मार्च

क्र. ६ अजून शांत. उपसून पाहिलं: टोकाचा डोळा काळा पडून सुकलेला, थंडीत गेला असावा. गड्डा मात्र टणक. टोक स्वच्छ पांढऱ्या भागापर्यंत कापलं, काप सुकवला. बाजूला, जुन्या देठाच्या वळाखाली, तांदळाच्या दाण्याएवढा गुलाबीसर फुगवटा आहे. गड्डा आडवा, तो फुगवटा वर येईल असा, अळकुड्यांच्या डब्यात परलाइटवर ठेवला.